वेळापत्रक दिवसाचं नको, वर्षाचं मांडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारे ३३ वर्षांचे आहेत. तहसीलजवळ त्यांचं सेवा केंद्र आहे. गावात सगळे त्याला 'सेतू'च म्हणतात. शिवाय चार एकर रान. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा. घरी आई, पत्नी आणि दुसरीतला मुलगा. आईला शुगर आहे, तिला महिन्यातून एकदा लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं. वडील गेले तेव्हा यांचं पदवीचं शेवटचं वर्ष सुटलं, ते कायमचंच. यंदा त्यांनी मुक्त विद्यापीठात पुन्हा नाव घातलंय, परीक्षा उन्हाळ्यात आहे. अभ्यासासाठी पहाटे पाचला उठून बघितलं, मोबाईलमध्ये नियोजनाचं ॲप घेतलं, वहीत तासातासाचं वेळापत्रक आखलं. यातलं काहीच आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. ते लिहितात, "काम तर दिवसभर चालूच असतंय, पण रात्री पाठ टेकली की वाटतंय, आज केलं काय? पुण्यातला मित्र म्हणतो, तुला वेळेचं नियोजन जमत नाही. मलापण आता वाटायलंय की मी आळशीच आहे. केंद्र चार महिने बंद ठेवून अभ्यास करू का? का शिकायचा नाद सोडून देऊ?"

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा प्रश्न समजून घ्यायला आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका सोमवारासाठी. त्या सोमवारी तुम्ही चार कामं ठरवली होती : इतिहासाच्या पुस्तकातले दोन घटक वाचायचे, मोटरीचा स्टार्टर दुरुस्तीला टाकायचा, केंद्राचा महिन्याचा हिशोब मिटवायचा आणि मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला जायचं. चारपैकी एकही झालं नाही. रात्री वहीत चार फुल्या मारल्या आणि स्वतःला आळशी ठरवून तुम्ही झोपलात.

आता तोच सोमवार तुमच्याच पत्रातून पुन्हा मांडते. सकाळी एका आजोबांच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा लागत नव्हता. तुम्ही त्यांचे हात धुवायला लावले, पुसले, परत परत ठेवून बघितले आणि शेवटी दाखला काढून दिला. तीन शेतकऱ्यांचे फार्मर आयडी केले. वसतिगृहाच्या प्रवेशासाठी एका मुलीला नॉन-क्रीमिलेअरचा अर्ज त्याच दिवशी भरायचा होता, तो भरला. दुपारी साईट बंद पडली आणि तीन तास दारात माणसं बसून राहिली. त्यातल्या प्रत्येकाला तुम्ही उत्तर दिलंत. संध्याकाळी मावसभावाला घेऊन बँकेत गेलात. शेतीला रात्रीच्या लाइटीची पाळी होती म्हणून अकराला रानात जाऊन हरभऱ्याला पाणी सोडलं.

हा आळशी माणसाचा दिवस आहे का? तुमच्या वहीत फक्त ठरवलेल्या कामांना जागा आहे, केलेल्या कामांना नाही. म्हणून रोज रात्री हिशोब शून्य दिसतो. पहिली विनंती एवढीच की एक आठवडा काहीही ठरवू नका. फक्त झालेली कामं लिहा, वेळेसकट. "११.१० ते ११.५०, नॉन-क्रीमिलेअर, रेशन कार्डाची झेरॉक्स नव्हती म्हणून परत पाठवलं, पुन्हा आली." इतक्या बारकाईनं लिहा. पाच-सहा दिवसांनी वेळ जातो कुठे हे तुम्हाला माझ्यापेक्षा आणि पुण्यातल्या मित्रापेक्षा चांगलं कळेल.

मित्राचा मी राग करत नाही, त्यांनी काळजीपोटीच सांगितलं असणार. पण जिथून हे सल्ले येतात तिथला दिवस आणि तुमचा दिवस एक नाही. तासातासाचं वेळापत्रक कुणाला जमतं? ज्याचे तास त्याच्या हातात आहेत त्याला. आपल्या लातुरात तर भिंतीवर वेळापत्रक चिकटवण्याची मोठीच परंपरा आहे. लातूर पॅटर्नमध्ये शिकलेली मुलं बारा-बारा तास अभ्यास करताना आपण बघितली आहेत. त्या मुलांचा डबा मेसवरून येतो, फी गावाकडून येते, कपडे आई धुते. त्यांच्या दारात कुणी सातबारा घेऊन उभं नसतं. तुमच्या दिवसाचे मालक मात्र बरेच आहेत : सर्व्हर, फीडर (रानाला वीज देणारी लाईन), तहसीलची शेवटची तारीख, आईची शुगर आणि दारातली रांग. यांना न विचारता आखलेला तक्ता तिसऱ्या दिवशी मोडला, यात दोष तक्त्याचा आहे.

पहाटे पाचचंही तसंच. रात्री अकरा ते तीन दांडावर उभं राहिलेल्या माणसानं पाचला उठावं, हे सांगणाऱ्याला रात्रपाळीची लाईट माहीत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थांनी २०१५ मध्ये एकमतानं सांगितलं. दोन तास झोपून पुस्तक उघडलं तर ओळी डोळ्यांपुढून जातील, डोक्यात उतरणार नाहीत. वर दुसऱ्या दिवशी केंद्रात एखाद्याच्या आधार नंबरचा एक आकडा चुकेल, ते निस्तरायला अर्धा दिवस जाईल. रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात तुम्ही पाचला उठू नका. हा सल्ला मी अगदी मनापासून देतेय.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुम्ही रोजचं वेळापत्रक मांडायला बघताय, पण तुमचं काम रोजच्या हिशोबानं येतच नाही. ते हंगामानं येतं. जूनमध्ये प्रवेशाचे दाखले : जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रीमिलेअर. जुलैत पीक विमा, आणि ३१ जुलै जवळ आली की तुमच्या दारात काय होतं ते तुम्हीच लिहिलंय. त्यातही शेवटची तारीख ही शेवटची असेलच असं नाही. २०२३ मध्ये विम्याची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज १५ जुलैपर्यंत म्हणून सुरू झाले आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, त्यापुढेही वाढली. त्या उन्हाळी-पावसाळी महिन्यांत महाराष्ट्रातल्या कुठल्या सेवा केंद्रवाल्यानं रोज दोन तास अभ्यास केला असेल? मग पीक पाहणी. मग सोयाबीनची काढणी, मळणी, दिवाळी. तुमचा श्वास मोकळा होतो तो दिवाळीनंतर, आणि मार्चअखेरपर्यंत तो बऱ्यापैकी मोकळा राहतो.

शेतात तुम्ही पेरणीची तारीख कॅलेंडर बघून ठरवत नाही, वाफसा बघून ठरवता. चिखलात तिफण घातली नाही म्हणून कुणी तुम्हाला आळशी म्हणत नाही. अभ्यासाची पेरणी मात्र तुम्ही जुलैच्या चिखलात करायला गेलात. तिथे ती उगवली नाही आणि तुम्ही बियाण्याला दोष दिलात.

म्हणून एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहा. केंद्राची गर्दी कोणत्या महिन्यात, रानातली कामं कोणत्या महिन्यात, आईच्या दवाखान्याची तारीख कुठे, मुलाची परीक्षा कधी, हे सगळं त्यात भरा. जिथे पांढरं दिसेल तिथे अभ्यास. माझ्या अंदाजानं तुमच्याकडे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग निघेल. चार महिने नीट मिळाले तर उन्हाळ्यातल्या परीक्षेला ते थोडे नाहीत. उरलेले आठ महिने पुस्तक उघडलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तो तुमचा अभ्यासाचा हंगामच नव्हता. हाच कागद छोटा दुकानदार, आशाताई, अंगणवाडी सेविका, द्राक्षवाला, शिक्षक अशा कुणालाही उपयोगी पडेल, कारण आपल्याकडे बहुतेकांची कामं लाटेनं येतात आणि आपण मात्र ती सपाट समजून आखणी करतो.

त्या चार महिन्यांतही दर आठवडा सारखा नाही. तुमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. म्हणजे तुम्हाला दोन प्रकारचे आठवडे आहेत आणि दोन वेगळ्या आखण्या लागतील. दिवसाच्या लाइटीच्या आठवड्यात तुम्ही रात्री वेळेवर झोपता, तेव्हा सकाळी सहा ते साडेसात अभ्यासाला ठेवा. रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात अभ्यास नको. दुपारी जेवणानंतर शटर अर्धं ओढून तासभर झोपा. फार तर आधीच्या आठवड्यात वाचलेल्याच्या टिपा चाळा. महिन्यातले दोन आठवडे अभ्यास, आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास. हे महिन्याला पंधरा तास होतात, चार महिन्यांत साठ. तक्त्यातल्या रोजच्या चार तासांपुढे हे किरकोळ वाटेल, पण ते चार तास कागदावरच राहिले होते.

रानातल्या रात्रीबद्दलही बोलायला हवं, कारण खरा वेळ आणि खरी झोप तिथे जाते. हरभऱ्याला तुषार किंवा ठिबक असेल आणि मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला, तर दर पाळीला विहिरीवर जावं लागणार नाही. अंधारात साप-विंचवाची भीती आहे ती वेगळीच. साधा ऑटो स्विच लावू नका. लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतो, म्हणून महावितरणही तो काढायला सांगतं. सौर कृषी वाहिनी योजनेतून काही फीडरना दिवसा वीज मिळू लागली आहे. तुमच्या फीडरचा नंबर कधी आहे, हे उपकेंद्रात एकदा जाऊन विचारा. दुसऱ्यांसाठी तुम्ही रोज दहा ठिकाणी चौकशी करता, ही एक स्वतःसाठी करा.

केंद्राकडे येते. तुम्ही लिहिलंय, "लोकांना नाही म्हणता येत नाही, सगळे ओळखीचे." बरोबर आहे, आणि तुम्ही नाही म्हणावं असं मला वाटतही नाही. तालुक्याच्या गावात माणूस माणसावर चालतो. ज्या मावसभावाला तुम्ही बँकेत नेलं, तोच उद्या तुमच्या आईला लातूरला घेऊन जाईल. तो वेळ वाया गेला असं मी कधी म्हणणार नाही. पण 'नाही' आणि 'आत्ता' यांच्यामध्ये 'कधी' आहे, तो तुम्ही वापरत नाही. "काका, कागद ठेवून जा, चार वाजता या, तयार असेल." यात कुणाचा मान जात नाही.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा दिवस आठवून बघा. त्या दिवशी तुमच्या केंद्राला कुलूप असतं. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी निम्मा बाजार बंद असतो, सगळं गाव रानात भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन बसलेलं असतं. त्या दिवशी केंद्र का बंद होतं म्हणून तुमच्याशी कुणी भांडलंय का? नाही भांडत, कारण ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. लोकांना बंद दाराचा राग येत नाही, बंद दार अचानक समोर आलं की येतो. तेव्हा केंद्राच्या वेळा ठरवा आणि मोठ्या अक्षरात बाहेर लावा. सकाळी साडेआठला उघडणार, दुपारी दोन ते तीन बंद, महिन्यातल्या आईच्या दवाखान्याच्या दिवशी बंद, तारीख आठ दिवस आधी फळ्यावर. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. मग लोकच एकमेकांना सांगायला लागतील की तो दोन वाजता बंद करतो, लवकर जा.

बाहेरच्या फळ्यावर आणखी एक गोष्ट हवी. कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात त्याची यादी. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुमचा बराच वेळ अर्ज भरण्यात जात नाही, अर्धवट कागद घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवण्यात आणि तोच माणूस पुन्हा आला की सुरुवातीपासून बघण्यात जातो. ती यादी केंद्राच्या व्हॉट्सॲपवरही ठेवा, कुणी फोन केला की पाठवून द्या. कागद पुरे असतील तरच नंबराची चिठ्ठी. ज्याला अंगठा द्यायचा आहे किंवा ओटीपी सांगायचा आहे तो थांबेल, बाकीचे कागद ठेवून जातील. आणि "झालं का?" विचारायला येणाऱ्यांसाठी पावतीवर टोकन नंबर आणि कधी यायचं ती तारीख पेननं ठळक लिहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, ती तुम्हाला पाठच असेल. लोकांना ती माहीत नसते म्हणून ते तीनदा येतात.

केंद्रात साईट अडकली की मधल्या वेळात वाचावं, असं तुम्ही ठरवलं होतं आणि ते जमलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. ते जमणार नव्हतंच. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धं सोडून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं नीट होत नाही. समोर अर्धा भरलेला अर्ज, दारात चार माणसं, आणि हातात इतिहासाचं पुस्तक. कसं जमेल? फावल्या वेळात वाचा, असं सगळेच सांगतात. तुमच्या कामाला तो सल्ला लागू नाही. त्या वेळात डोकं न लागणारी कामं करा. पावत्या लावा, फाईल नीट करा, महिन्याच्या हिशोबाचं एक पान भरा. तो राहिलेला हिशोब अशाच तुकड्यांत मिटेल.

कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज हा आणखी एक भाग. तुमच्या वहीत एका अर्जाला पंधरा मिनिटं धरली आहेत. ती सगळं सुरळीत चाललं तर. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस अंदाज बांधताना मागचा अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळं सरळ होईल असं धरून चालतो. तुमच्याकडे अंदाजाची गरजच नाही, पावती पुस्तक आहे. आठवडाभराच्या नोंदीतून खरा वेळ काढा आणि दिवसाचा अर्धाच भाग ठरवलेल्या कामांना द्या. दुसरा अर्धा सर्व्हरचा आणि दारातल्या माणसांचा. तो मोकळा राहिला तर चांगलंच आहे, पण तो राहील असं धरून चालू नका. सोमवारी चार नाही, एकच काम लिहा. त्या सोमवारी मी पालकसभा लिहिली असती. स्टार्टर मंगळवारी गेला असता तरी चालला असता, मुलाच्या वर्गातली सभा मंगळवारी होत नाही.

मोबाईलबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावलाय. तो बाजूला ठेवा असं मी सांगणार नाही, कारण ओटीपी त्यावर, परिपत्रकं त्यावर, गिऱ्हाईकं त्यावर. अडचण अशी आहे की तुमचा घरचा नंबर आणि केंद्राचा नंबर एकच आहे. म्हणून रात्री नऊला जेवताना "माझ्या आयडीचं काय झालं" असा मेसेज येतो, तो बघायला फोन हातात घेता आणि मग तासभर रील्स चालतात. केंद्राला वेगळं सिम घ्या. जुना साधा स्मार्टफोन चालेल. तो फोन रात्री केंद्रातच राहू द्या, शटरच्या आत.

आता एका गोष्टीवर थोडं थांबते. तुमच्या पत्नीबद्दल पत्रात एकच वाक्य आहे : "मिसेस घरचं बघतात आणि दिवसाच्या लाइटीला मी रानात गेलो की केंद्रात बसतात." त्या एका वाक्यात किती कामं आहेत ते मोजून बघा. सासूबाईंची गोळ्या-इंजेक्शनं, मुलाचा डबा आणि अभ्यास, स्वयंपाक, धुणं, वर केंद्र. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. तुम्ही सकाळी सहा ते साडेसात वरच्या खोलीत दार लावून बसणार, म्हणजे त्या दीड तासातली पाणी भरण्यापासून मुलाला उठवण्यापर्यंतची सगळी कामं त्यांच्यावर जाणार. तुमचा दीड तास कुणाच्या तरी दिवसातून येतोय. म्हणून तो आधी त्यांना विचारून घ्या, आणि बदल्यात त्यांना कोणता तास हवाय तेही विचारा. तो त्यांना काय करायला हवाय, हे विचारू नका. कदाचित त्यांना काहीच करायचं नसेल, नुसतं बसायचं असेल. तोही तास तितकाच जपा. त्या तासात मुलगा, आई आणि चहा तुमच्याकडे. मला असं वाटतं की हे ठरलं नाही तर वर सांगितलेलं काहीच फार दिवस चालणार नाही.

हे ठरलं की अभ्यासाचं वाक्य नेमकं करून ठेवा. "जमेल तेव्हा वाचीन" असं नको. "दिवसाच्या लाइटीचा आठवडा असला आणि सकाळचा चहा झाला, की वर जाऊन कालच्या खुणेपासून पुस्तक उघडायचं." अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा जास्त असते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं आणि पुढे अनेकांनी तपासून बघितलं. त्यात मनाच्या ताकदीची फारशी परीक्षा नसते. चहा रोजच होतो, त्याच्या मागे पुस्तक लावून द्यायचं. आणि एखाद्या दिवशी नाही झालं तर ती वेळ दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, ती गेली.

आता तुमचे दोन सरळ प्रश्न. केंद्र चार महिने बंद ठेवू का? माझं उत्तर नको असं आहे. शेतीचा पैसा वर्षातून एक-दोनदा हातात येतो, महिन्याचा किराणा आणि आईची औषधं केंद्रावर चालतात, हे तुम्हीच लिहिलंय. चार महिन्यांत गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल, घरात पैशाची ओढाताण सुरू होईल, आणि त्या चिंतेत अभ्यासही होणार नाही. त्यापेक्षा जून ते ऑगस्ट या गर्दीच्या महिन्यांत टायपिंग येणारा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या दिवसासाठी ठेवा. त्यांना काम मिळेल, तुम्हाला रांगेतून मान वर करता येईल. परवडतं का ते मागच्या जून-जुलैच्या पावत्या बघून ठरवा, अंदाजानं नको.

शिक्षण सोडून देऊ का? पत्रात तुम्ही लिहिलंय, "सगळ्यांचे दाखले मी काढून देतो, माझ्याच नावावर पदवी नाही." हे वाचून मला वाटलं नाही की हा नाद आहे. वडील गेले तेव्हा घर उभं राहावं म्हणून तुम्ही ते वर्ष सोडलं. ती तुमच्यावर राहिलेली गोष्ट आहे आणि ती पुरी करावीशी वाटणं फार योग्य आहे. सोडू नका. पण सगळे पेपर याच उन्हाळ्यात निघाले पाहिजेत, ही अट कुणी घातली? मला पत्रात ती कुठे दिसली नाही, ती तुमचीच आहे. तुमच्या अभ्यास केंद्रात जाऊन विचारा : काही विषय या परीक्षेला आणि काही पुढच्या परीक्षेला दिले तर चालतं का, नोंदणीची मुदत किती वर्षं असते, गृहपाठ जमा करायची शेवटची तारीख कोणती. साठ तासांत तीन विषय नीट होतील असं वाटत असेल तर तीनच घ्या. नोकरदार, शेतकरी, लेकुरवाळ्या बाया यांना शिकता यावं म्हणूनच मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं; सावकाश शिकणाऱ्याला तिथे कमी लेखत नाहीत.

अभ्यास केंद्रात जाल तेव्हा परीक्षेच्या अर्जाची तारीख लिहून आणा आणि केंद्राच्या फळ्यावर गिऱ्हाइकांच्या तारखांच्या वर लावा. अर्ज सुरू होईल त्या दिवशी पहिला नंबर तुमचा. बारा महिन्यांचा कागद मात्र या रविवारीच मांडा, पत्नीला सोबत घेऊन, कारण त्यातल्या निम्म्या तारखा त्यांनाच जास्त नीट माहीत असणार.